एकट्या धरण्याचा बांध

ऑक्टोबर २०५८च्या दुसऱ्या रविवारी रेश्माबाई झिमल यांच्या विहिरीत चार हात पाणी होतं. मोजणी त्या स्वतः करत. दोराला हातहात अंतरावर गाठी मारलेल्या होत्या आणि टोकाला नांगराचा तुटका फाळ बांधलेला होता. दोर वर ओढला की किती गाठी भिजल्या ते बघायचं.

"चारच," त्या म्हणाल्या. "गेल्या साली ह्या दिवसांत पाच व्हत्या."

"म्हणजे जानेवारीत संपलं," आर्वी म्हणाली. आर्वी त्यांची धाकटी मुलगी, बत्तीस वर्षांची. ती दहिवडीत एका खोलीत राहायची आणि दर रविवारी आईकडे यायची.

माण तालुक्याच्या वरच्या अंगाला गारमाळ नावाची अकरा घरांची वस्ती होती. त्यातल्या दहा घरांना कुलूप होतं. अकराव्यात रेश्माबाई एकट्या राहत, सहा मेंढ्या आणि एका कुत्र्यासह. तेही घर बंद झालं की वस्ती निर्मनुष्य धरली जाणार होती आणि विजेची तार काढली जाणार होती. मायलेकींचं गेल्या उन्हाळ्यातच ठरलं होतं : येत्या आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, विहीर टिकली तर रेश्माबाई राहतील, नाहीतर घराला कुलूप लावून दहिवडीला येतील. त्यांनी हो म्हटलं होतं, पण कपड्यांची पेटी अजून बाहेर काढली नव्हती.

"तुझ्या त्या धरण्याचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"यादीत आपला नंबर आलाय, आई. जोडी मिळाली की आणते."

धरण्या हे नाव लोकांनी दिलं होतं. कागदोपत्री तो उष्णप्रदेशी बीव्हर, वाण तीन. मूळ बीव्हर थंड देशांतला. मध्यम कुत्र्याएवढा, चपट्या शेपटीचा, दातांनी झाड पाडून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी. चौदा वर्षांपूर्वी त्याच्या जनुकांत बदल करून केस विरळ केले गेले, मूत्रपिंड पाणी राखणारं केलं गेलं, आणि अंगातली उष्णता शेपटीवाटे टाकण्याची त्याची मुळातली सोय वाढवली गेली. मग त्याला पठारावर आणण्यात आलं. त्याचा बांध फांद्या, दगड आणि चिखलाचा असतो आणि तो गळतो. गळण्यातच त्याचा उपयोग आहे. पावसाचं जे पाणी ओढ्यातून दोन दिवसांत निघून जायचं ते महिनोन्‌महिने थबकतं, मुरमात उतरतं, काळ्या खडकाच्या भेगांतून सरकत खालच्या विहिरींना लागतं. सिमेंटचा बंधारा गाळानं भरतो आणि फुटला तर निविदा निघेपर्यंत फुटका राहतो. धरण्या मात्र रोज संध्याकाळी बाहेर येतो आणि जिथे पाणी वाहिल्याचा आवाज येईल तिथे चिखल थापतो. हा आवाज त्याला सहन होत नाही. कोरड्या जागी वाहत्या पाण्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून वाजवला, तरी तो तिथे फांद्या आणून रचतो.

अडचण एकच झाली. धरण्यांना डोंगरातल्या ओढ्यांपेक्षा खालचे कालवे आवडले. तिथे बारमाही पाणी होतं. त्यांनी कालव्यांची दारं बुजवली, डाळिंबाच्या बागा पाडल्या, ऊस बुडवला. म्हणून असे उपद्रवी धरण्ये पकडून वर, ज्यांनी अर्ज केला त्यांच्या खाजगी जमिनीत नेऊन सोडणारं केंद्र निघालं. आर्वी तिथे धरपकड करणारी होती. सात वर्षांत तिनं एकशे सहा जोड्या हलवल्या होत्या.

गारमाळसाठी जोडी मिळाली ती जगतापांच्या डाळिंबाच्या बागेशेजारी, कालव्याच्या शेवटच्या टोकाला.

"माझी झाडं तोडून बांध घालतात आणि अडवलेलं पाणी शेजाऱ्याच्या उसात," जगताप म्हणाले. "इंजिनियर आहेत, ताई, पण शेजाऱ्याचे. आज नाही निघाले तर उद्या मी माझ्या पद्धतीनं बघतो."

"आज निघतील."

पद्धत ठरलेली होती. बांधाला हातभर खिंडार पाडायचं, पाण्याचा आवाज सुरू झाला की धरण्ये दुरुस्तीला येतात. खिंडाराच्या वर एक पिंजरा, खाली एक, दोन्ही अर्धे पाण्यात. साडेपाचला आर्वीनं खिंडार पाडलं. सहाच्या आत नर वरच्या पिंजऱ्यात अडकला. सहा वाजून पाच मिनिटांनी कालव्याचं पाणी सोडल्याचा निरोप फोनवर आला, आवर्तन ठरल्यापेक्षा एक दिवस आधी. टोकापर्यंत पाणी यायला चाळीस मिनिटं लागतात हे तिला पाठ होतं. सव्वासहाला मादी खालच्या पिंजऱ्यात आली. आर्वी आणि जगतापांनी आधी नराचा पिंजरा उचलून तीनशे पावलांवरच्या गाडीत ठेवला. वीस मिनिटांत ती दोघं परत आली.

खालचा पिंजरा दिसत नव्हता.

चाळीस मिनिटं लागायची ती या बांधामुळे. वरच्या अंगाला तुंबलेलं पाणी कालव्याचा वेग मारायचं. तो बांध तिनंच फोडला होता. धरण्या पंधरा मिनिटं श्वास रोखू शकतो. पाणी चढल्याला किती वेळ झाला, ते दोघांनाही सांगता आलं नाही. जगतापांनी कंबरभर पाण्यात उतरून पिंजरा ओढायला मदत केली. आत मादी मेलेली होती.

"तुम्ही घरी जा, ताई," जगताप म्हणाले. "गाडीतला मी पोचवतो केंद्रात."

"नको," आर्वी म्हणाली.

केंद्राचा पहिला नियम होता : एकटा धरण्या सोडायचा नाही. जोडी जन्माची असते. जोडीदार गेलेला धरण्या नव्या जागी थांबत नाही, शोधत निघतो आणि रस्त्यावर गाडीखाली येतो किंवा उन्हात मरतो. म्हणून असे एकटे केंद्राच्या कुंपणात ठेवले जात. त्या वेळी तिथे अकरा होते. त्यांच्यापुढे फांद्या टाकल्या तर साल खायचे, पण काडी काडीवर ठेवत नसत.

"बारावा," पशुवैद्य डॉ. कणसे म्हणाले. केंद्राचे प्रमुख तेच. "आर्वी, तुझ्या सात वर्षांत हे पहिल्यांदा झालंय. मी अहवालात आवर्तनाचं लिहितो."

"माझी चूक लिहा, सर," ती म्हणाली. "आमच्याकडे कोकरू मेलं की त्याचं कातडं सोलून पोरक्या कोकराच्या अंगावर घालतात. मेंढी हुंगते आणि त्याला पाजते."

कणशांनी चष्मा काढला. "बरं?"

"मादीची ग्रंथी आहे आपल्याकडे. शेपटीखालची. तिच्या स्रावानं हे लोक हद्द आखतात, एकमेकांना ओळखतात. तो थोडा थोडा ओढ्याकाठी लावत राहिलं, तर ती जवळपास आहे असं त्याला वाटेल. थांबेल तो. बांधेल."

"कुठल्या ओढ्याकाठी?"

"गारमाळच्या."

"तुझ्या आईच्या."

"हो."

कणसे खिडकीतून कुंपणाकडे बघत राहिले. "झालं तर हे अकराही कामाला लागतील," ते म्हणाले. "प्रयोग म्हणून परवानगी देतो. मादीचं शव शीतगृहात राहू दे, विल्हेवाटीचा कागद यायला तसेही सहा महिने लागतात."

नर ऑक्टोबरच्या अखेरीस गारमाळच्या ओढ्यात सोडला. ग्रंथीतला तपकिरी स्राव आर्वीनं तेलात कालवून औषधाच्या बाटलीत भरला होता. वास उग्र होता, जुन्या चामड्यासारखा आणि किंचित गोड. काठावर चिखलाचे चार लहान ढीग करून तिनं प्रत्येकावर थेंब सोडला. संध्याकाळी नर पाण्यातून वर आला, पहिल्या ढिगाशी थांबला, मग दुसऱ्याशी. चौथ्यापर्यंत गेला. मग वळून त्यानं एक शेवरीचं झुडूप बुंध्याशी कातरलं.

दिवाळी सरेपर्यंत बांध गुडघ्याएवढा झाला. डिसेंबरात कमरेएवढा. मागे पाण्याचं लांबट तळं झालं, त्यात टिटव्या आल्या, मग बगळे. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी रेश्माबाईंनी दोर ओढला आणि गाठी दोनदा मोजल्या.

"सात," त्या म्हणाल्या. "आर्वे, सात गं."

त्या दिवशी त्यांनी लेकीला बळेच पुरणपोळी करून घातली. कपड्यांच्या पेटीवर आता मेंढ्यांच्या पेंडीचं पोतं होतं.

संध्याकाळ झाली की रेश्माबाई बांधापासून वीस पावलांवर दगडावर बसत. आधी धरण्या त्यांना बघून शेपटी पाण्यावर आपटून बुडी मारायचा. पुढे त्यानं ते सोडलं.

"कामाला वाघ हाय," त्या सांगायच्या. "तुझा बाप असाच. बोलायचा न्हाई, हात चालायचा. पर त्याची बायकू दिसत न्हाई कुटं."

"लाजरी आहे," आर्वी म्हणाली. "घरट्यातच असते."

"बाळंत व्हनार असंल."

"असेल."

आर्वी आता बुधवारीही यायची, आणि दोन्ही दिवशी आई मेंढ्या आणायला गेली की बाटली काढायची. वास बोटांना दोन दिवस राहायचा. तिला तो दुसऱ्याच एका गोष्टीची आठवण करून द्यायचा आणि ती हात पुन्हा पुन्हा धुवायची.

ती गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. तिचे वडील मायाप्पा मेंढ्या घेऊन कोकणात गेले होते. परतीच्या वाटेवर, घाटाखाली, झोपेतच गेले. बरोबर असलेल्या चुलत्यानं, बिरातात्यानं, आधी फोन केला तो आर्वीला. थोरलीचं लग्न अकरा दिवसांवर होतं. आता कळलं तर लग्न मोडेल, तात्या म्हणाला, मुलाकडचे अपशकुन धरतील. मातीचं सगळं मी इथं करतो. वहिनीला लग्नानंतर सांगू. तेवीस वर्षांच्या आर्वीनं हो म्हटलं. रेश्माबाईंना वाचता येत नसे, त्यामुळे आलेले निरोप फोन त्यांना वाचून दाखवायचा, ज्यानं पाठवले त्याच्याच आवाजात. तेव्हा ती सोय सगळ्याच फोनांत आली होती. वडिलांचं खातं आर्वीनंच उघडून दिलेलं होतं. अकरा दिवस ती माडीवर बसून वडिलांच्या नावानं लिहीत राहिली आणि खाली आई स्वयंपाकघरात नवऱ्याचा आवाज ऐकत लाडू वळत राहिली.

त्यावर मायलेकी नंतर कधी बोलल्या नव्हत्या.

फेब्रुवारीत कणसे गारमाळला आले, तळं बघितलं, विहीर मोजली. गाडीशी आल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "प्रयोगशाळेत हाच वास कृत्रिम बनवता येतोय. मेलेल्या मादीची गरज नाही. यादीत दोनशे चाळीस अर्ज आहेत, आर्वी. तुझ्या नावानं निघेल हे."

"तो दोन जणांचं घरटं बांधतोय, सर," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आत दोन बिछाने आहेत. कॅमेऱ्यात दिसले. एकावर कुणी झोपत नाही, पण दर आठवड्याला तो त्यावरची साल बदलतो."

कणशांनी गाडीचं दार उघडलं, पण लगेच बसले नाहीत. "तो जिवंत आहे," ते म्हणाले. "कुंपणातले अकरा बघ आणि मग सांग मला."

या बोलण्यात खोटं काही नव्हतं. तिनं ते स्वतःला रोज सांगितलंही होतं.

मार्चच्या दुसऱ्या बुधवारी आर्वी वस्तीवर आली तेव्हा रेश्माबाई मेंढ्यांकडे गेल्या नव्हत्या. त्या दगडावर बसल्या होत्या आणि पायाशी शेवरीच्या कोवळ्या फांद्यांचा भारा होता. काही वाळलेल्या, काही हिरव्या.

"बस," त्या म्हणाल्या. "हे कुणाचं सांग."

"त्याचं खाणं."

"त्याचं न्हाई. त्यो सोताचं तिकडं पान्यात बसून खातो, मी बघतीया ना चार म्हैने. ह्यो रोज सांजच्याला एक जुडी आनतो आन् घरट्याच्या दुसऱ्या तोंडापाशी ठिवतो. दुसऱ्या दिवशी ती तशीच असती. मग त्यो नवी ठिवतो." त्यांनी एक वाळकी फांदी मोडली. "ती हाय कुटं, आर्वे?"

आर्वीनं पिशवीतून बाटली काढून दगडावर ठेवली. जगतापांच्या कालव्यापासून सगळं सांगितलं. खिंडार, निरोप, वीस मिनिटं. कोकराच्या कातड्याचंही सांगितलं.

रेश्माबाईंनी बूच काढून वास घेतला आणि पुन्हा लावलं.

"कातड्याच्या आत जितं कोकरू असतं गं," त्या म्हणाल्या. "मेंढीला खरंच एक पोर मिळतं. हितं आत काय हाय?"

त्यांनी बाटली परत दगडावर ठेवली.

"मला आकरा दीस तू ह्येच लावलंस. म्या त्याच्यासाठी नवा फेटा आनून ठिवला. शिंप्याकडनं सदरा आनला. लोक वरात बघत व्हते आन् मी रस्त्याकडं. लगीन मोडलं आसतं, खरं हाय. मी कवा तुला बोलले न्हाई. पर ते आकरा दीस माझं काय व्हतं ते मला ठावं हाय. त्यो मेलेला आन् मी त्याच्यासाठी लाडू वळते."

"आई, तो गेला तर बांध महिनाभर राहील. मग गळायला लागेल. आखितीला विहिरीत फाळसुद्धा भिजणार नाही."

"ठावं हाय."

"तुला घर सोडावं लागेल."

"आर्वे, मोजनी मी करते. तू मला शिकवू नगंस." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "ती कुटं ठिवलीस?"

"केंद्रात. शीतगृहात."

"आन तिला. मेलेलं हुंगू दिलं न्हाई तर मेंढी म्हैनाभर वरडत फिरती. हुंगू द्यावं लागतं."

शनिवारी आर्वीनं शव आणलं. कणशांना विचारून आणलं. ते नाही म्हणतील असं तिला वाटलं होतं, पण त्यांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि दुसरीकडे बघत राहिले. दुपारभर शव गोणपाटावर सावलीत ठेवलं, गारठा जाईपर्यंत. ऊन उतरल्यावर दोघींनी ते काठावर, दुसऱ्या तोंडाजवळ ठेवलं आणि मागे येऊन बसल्या.

तो नेहमीच्या वेळी आला. तोंडात शेवरी होती. काठापाशी थांबला. शेवरी पाण्यात पडली आणि वाहत बांधाला जाऊन टेकली. तो वर आला, मादीच्या मानेशी हुंगला, पोटाशी, मग शेपटीशी, जिथून वास यायला हवा होता. पुढच्या पंजांनी तिला दोनदा ढकललं. नंतर बराच वेळ तो नुसता बसून राहिला. बांधाच्या एका बाजूला पाणी झिरपत होतं, आवाज दोघींना ऐकू येत होता. तो तिकडे गेला नाही.

अंधारायच्या आधी तो पाण्यात उतरला, छातीशी चिखल धरून वर आला आणि तो तिच्यावर टाकला. असं चार वेळा. कणसे नंतर म्हणाले की परका किंवा उग्र वास आला की धरण्ये त्यावर चिखल टाकतात, ती त्यांची सवय आहे, तिला दुसरा अर्थ लावू नये. आर्वीनं तो लावला नाही. रेश्माबाईंनी विचारलाही नाही.

सकाळी तो नव्हता. त्याच्या शेपटीत ठिकाण कळवणारी नोंदखूण होती, तिच्यावरून मार्ग कळला. तो खाली कालव्याकडे गेला नव्हता. वर, डोंगराच्या कोरड्या अंगाला गेला होता, जिथे मैलोन्‌मैल पाणी नाही. चौथ्या दिवशी खूण हलायची थांबली.

मादीला दोघींनी तिथेच काठावर पुरलं.

त्यानंतर महिनाभर रेश्माबाई रोज सांजेला साडी खोचून पाण्यात उतरत. जिथे आवाज येई तिथे फांद्या खोचून चिखल थापत, त्यानं थापला तसा. रविवारी आर्वीही उतरायची.

"हिकडं गळतंय."

"बघते."

"आसं न्हाई. खालनं दाब. त्यो खालनं दाबायचा."

पण धरण्या बांधाची खालची बाजू पाण्याखालून बुजवतो, श्वास रोखून, आणि ते माणसाला जमत नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तळं ओसरलं. बगळे आधी गेले, मग टिटव्या. दोर ओढला तेव्हा तीन गाठी ओल्या होत्या, पुढच्या रविवारी एक. आखितीच्या चार दिवस आधी फाळ कोरडा वर आला. रेश्माबाईंनी गाठी सोडून दोर गुंडाळला. मेंढ्या बिरातात्याच्या कळपात गेल्या. कुत्रा गाडीत चढायला तयार नव्हता, त्याला उचलून ठेवावं लागलं. अकराव्या घराच्या कुलपाची किल्ली त्यांनी कनवटीला लावली.

प्रयोगाचा अहवाल आर्वीनंच लिहिला. विहिरीची पातळी, बांधाची उंची, सगळे आकडे चांगले होते. शिफारशीच्या रकान्यात तिनं लिहिलं, "करू नये." कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते तिला सुचलं नाही, तो कोरा राहिला. जूनमध्ये कुंपणातले अकरा धरण्ये अकरा जणांच्या जमिनीत सोडले गेले, कृत्रिम वासासह. अकराही थांबले. अकराही बांधू लागले. त्या गावांतल्या विहिरींना पुढच्या उन्हाळ्यात पाणी असेल आणि त्या गावांतल्या लोकांना ते हवं आहे. आर्वीनं धरपकडीचं काम सोडून कालव्याच्या मोजणीचं मागून घेतलं.

दहिवडीच्या खोलीत पहिल्या महिन्यात रेश्माबाईंना नळाचं पाणी गोड लागत नव्हतं. जूनच्या अखेरीस एका दुपारी आर्वी कामावरून लवकर आली. दार अर्धवट उघडं होतं. आतून एका पुरुषाचा आवाज येत होता आणि तो ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"येतोय. घाटात रेंज नाही. तू जेवून घे."

ती उंबऱ्यावरच थांबली. हा अकरावा निरोप होता, लग्नाच्या आदल्या दिवशीचा. शेवटचे तीन शब्द लिहिताना तिनं फार विचार केला नव्हता, वडील प्रत्येक फोन याच शब्दांनी संपवत. नऊ वर्षं आईनं ते निरोप पुसले नव्हते.

आत फोन खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"आर्वे, आलीस का?" रेश्माबाई म्हणाल्या. "ताटं घे. जेवून घेऊ."